लाल विटांची मुभा

मॉस्कोच्या वायव्येला सुमारे ३७ किलोमीटरवर झेलेनोग्राद नावाचं शहर आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञान संस्थेचा परिसर १९६६ ते १९७१ या काळात उभा राहिला. वास्तुकार होते फेलिक्स नोविकोव्ह आणि ग्रिगोरी सायेविच. सोव्हिएत विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांसमोर एक तर ढगात घुसलेला टोकदार मनोरा येतो, नाही तर करड्या काँक्रीटचा लांबलचक ठोकळा. इथे दोन्ही नाहीत. इमारती बुटक्या, ऐसपैस पसरलेल्या, गिलावा न केलेल्या लाल विटांच्या. एकीतून दुसरीत जायला झाकलेले मार्ग आणि त्या मार्गांच्या मधोमध, वाड्यात चौक असावेत तशी अंगणं. दर्शनी बाजूला घड्याळाचा मनोरा, त्यात घंटा. ऐन हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचलेलं असताना, अंगावर कोट न चढवता वर्गातून ग्रंथालयात जाता येतं, आणि जाताना अंगणातला बर्फ खिडकीतून दिसत राहतो. चालणाऱ्या माणसाचा इतका विचार त्या काळच्या सोव्हिएत इमारतींत क्वचितच आढळतो. देशभर कारखान्यातून निघालेल्या पॅनेलच्या इमारती उभ्या राहत होत्या. अशा काळात एका तंत्रशिक्षण संस्थेला स्वतःसाठी वेगळा, निवांत आराखडा करून घ्यायला परवानगी कशी मिळाली, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा आहे.

त्याचं नेहमीचं उत्तर असं: स्टालिन गेला, ख्रुश्चेव्ह आला, बर्फ वितळला, वास्तुकारांना मोकळा श्वास मिळाला आणि त्या मोकळेपणातून आधुनिक वास्तुकला उमलली. ऐकायला हे छान वाटतं, पण पुराव्याशी त्याचा मेळ बसत नाही. माझं म्हणणं असं की सोव्हिएत विद्यापीठांच्या परिसरांत जे चांगलं आधुनिक काम दिसतं, ते सर्वांना मिळालेल्या स्वातंत्र्याचं फळ नव्हतं. ती मोजक्या, वजनदार खात्यांना मिळालेली मुभा होती. चांगल्या वास्तुकारांनी त्या मुभेत खात्याने मागितलं नव्हतं तेही बसवून घेतलं. म्हणून या इमारतींना नुसतं स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणणं चूक, आणि नुसती सरकारी हुकमाची निर्मिती म्हणणंही चूक.

सुरुवात टेकडीवरून करावी लागते. १ सप्टेंबर १९५३ रोजी, स्टालिनच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत, मॉस्को विद्यापीठाची नवी इमारत लेनिन टेकड्यांवर सुरू झाली. उंची शिखरासह २४० मीटर. १९९० पर्यंत युरोपात याहून उंच इमारत नव्हती. आधी हे काम बोरिस इओफानकडे होतं, ते काढून लेव्ह रुद्न्येव्हकडे दिलं गेलं. बांधकामावर कैद्यांनाही राबवलं गेलं. सममिती, पुतळे, पायऱ्या, टोकावर तारा. सारी रचना लांबून बघणाऱ्याला दबवण्यासाठी. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदवायलाच हवी. बाजूच्या पंखांतल्या वसतिगृहात विद्यार्थ्यासाठी सुमारे आठ चौरस मीटरची स्वतंत्र खोली होती आणि अशा दोन खोल्यांत मिळून एक न्हाणीघर. मॉस्कोतली अनेक कुटुंबं तेव्हा स्वयंपाकघर सामायिक असलेल्या एकेका खोलीत राहत होती. त्यांच्या तुलनेत ही चैनच. दिखाऊ इमारत आतून माणसाला सुख देऊ शकते. याच्या नेमकं उलटही घडू शकतं, आणि घडलं होतं.

इव्हान निकोलायेव्हने मॉस्कोतल्या वस्त्रोद्योग संस्थेसाठी १९२९ ते १९३१ मध्ये बांधलेलं विद्यार्थी वसतिगृह जगभरच्या आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात मानाने सांगितलं जातं. झोपण्याची इमारत आठ मजली, सुमारे दोनशे मीटर लांब, पांढरी, अलंकाराचा मागमूस नसलेली. राहणारे दोन हजार. झोपण्याची खोली सुमारे सहा चौरस मीटर, तीही दोघांत. त्या खोलीत झोपणं सोडून काहीही करायचं नाही, ही मूळ कल्पना. सकाळी घंटा झाली की उठायचं, मधल्या इमारतीत धुणंपुसणं आणि कपडे बदलणं उरकायचं, आणि अभ्यास, जेवण, वाचन, चर्चा यांसाठी तिसऱ्या इमारतीत जायचं. रात्रीपर्यंत खोलीचं तोंड बघायचं कारण नाही. पुस्तक, ट्रंक, एकांत, आळस यांना या आराखड्यात जागाच नव्हती. रेषा मोकळ्या होत्या, दिवस मात्र मिनिटामिनिटाला बांधलेला होता. आधुनिक शैली म्हणजे आपोआप मोकळीक असं ज्यांना वाटतं, त्यांनी रुद्न्येव्हची आठ चौरस मीटरची एकट्याची खोली आणि निकोलायेव्हची सहा चौरस मीटरची दोघांची खोली शेजारी शेजारी ठेवून बघावी. मुद्दा शैलीचा नाही. विद्यार्थ्याच्या दिवसावर सत्ता कोणाची, हा आहे.

शैलीचा प्रश्न तर वरूनच निकालात निघत असे. डिसेंबर १९५४ मध्ये बांधकाम क्षेत्रातल्या लोकांच्या अखिल सोव्हिएत परिषदेत ख्रुश्चेव्हने वास्तुकारांच्या उधळपट्टीवर कोरडे ओढले. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी आराखडे आणि बांधकामातल्या ‘अतिरेकां’च्या निर्मूलनाचा ठराव निघाला. मॉस्कोतल्या लेनिनग्रादस्काया हॉटेलच्या वास्तुकारांना आधी दिलेलं स्टालिन पारितोषिक परत घेतलं गेलं. गंमत अशी की ‘सोव्हिएत आधुनिकतावाद’ ही संज्ञा पुढे नोविकोव्हनेच रुजवली आणि तिचा काळ १९५५ ते १९८५ असा धरला. म्हणजे ज्या प्रवाहाला मोकळीक समजलं जातं, त्याची जन्मतारीख एका सरकारी ठरावाची तारीख आहे. कालपर्यंत खांबांवर नक्षी कोरायची सक्ती होती, आजपासून न कोरायची.

या नव्या सक्तीचं नाव होतं नमुना आराखडा. घर, शाळा, दवाखाना, महाविद्यालय यांचे ठरावीक आराखडे केंद्रीय संस्थांनी करायचे, कारखान्यांनी त्यांचे भाग ओतायचे आणि क्रेनने ते जागेवर जोडायचे. घरांची टंचाई इतकी भयंकर होती की या निर्णयाला नावं ठेवणं सोपं नाही. कोट्यवधी लोकांना त्यातून पहिल्यांदा स्वतःच्या दाराचं घर मिळालं. पण महाविद्यालयाच्या वाट्याला आला तो चार-पाच मजल्यांचा ठोकळा: मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग, टोकाला जिना, शेजारी चिकटवलेलं सभागृह. विटेवर बंदी नव्हती. त्या काळातली किती तरी पाच मजली घरं विटांचीच आहेत. दुर्मीळ होती ती नमुन्याबाहेरचा आराखडा करण्याची परवानगी. ती मागायला कारण लागे, आणि कारणापेक्षा वजन जास्त लागे.

नोविकोव्हची कारकीर्द बघितली की हे हुकमाचं राजकारण एकाच माणसाच्या हातातून वाहताना दिसतं. १९५४ साली सुरू झालेलं मॉस्को मेट्रोचं क्रास्नोप्रेस्नेन्स्काया स्थानक त्याने सहकाऱ्यांबरोबर केलं; ते सुरू झालं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ते पूर्ण जुन्या थाटाचं आहे. आठ वर्षांनी, १ जून १९६२ रोजी, मॉस्को विद्यापीठाच्याच टेकड्यांवर मुलांसाठीचा पायोनियर प्रासाद सुरू झाला. तरुण वास्तुकारांच्या त्या गटात नोविकोव्ह होता आणि पुढे झेलेनोग्रादचा मुख्य वास्तुकार झालेला इगोर पोक्रोव्स्कीही. काच, सपाट छत, झाडांना वळसा घालून गेलेल्या बुटक्या इमारती. रुद्न्येव्हच्या मनोऱ्याच्या जवळच, पण स्वभावाने त्याच्या पार उलट. ख्रुश्चेव्हला तो आवडला, हे सर्वांत महत्त्वाचं. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या माणसाला आवडलेली इमारत पुढच्या दहा आराखड्यांना दाखला म्हणून उपयोगी पडते. आपल्याकडच्या सरकारी कामांची ओळख असलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता पैसा कुठून आला ते बघू. झेलेनोग्राद हे १९५८ मध्ये मॉस्कोचं उपनगर म्हणून आखलं गेलं, तेव्हा तिथे कापडउद्योगासारखे हलके उद्योग यायचे होते. मे १९६२ मध्ये ख्रुश्चेव्हने लेनिनग्रादमधल्या एका संरचना कार्यालयाला भेट दिली. ते चालवणारे फिलिप स्तारोस आणि जोसेफ बेर्ग हे खरं तर आल्फ्रेड सॅरंट आणि जोएल बार नावाचे अमेरिकन अभियंते. रोझेनबर्ग हेरगिरी प्रकरणाच्या सुमारास अमेरिकेतून निसटून नाव बदलून आलेले. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सचं स्वतंत्र शहर हवं, हे त्यांनी गळी उतरवलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठराव झाला. शहर त्यांच्या हाती मात्र दिलं गेलं नाही. कापड मागे पडलं, अर्धवाहक आले. क्षेपणास्त्रांना, उपग्रहांना, रडारला लागणारे. १९६५ साली अभियंते घडवण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी अलेक्सांद्र शोकिन इलेक्ट्रॉनिक उद्योगाचा मंत्री झाला, तो पुढची वीस वर्षं. या खात्याने मागितलेल्या गोष्टीला नियोजन मंडळात नकार देणं सोपं नव्हतं. नमुना आराखड्याच्या बाहेर पडण्याची वाट इथून गेली. संस्थेचा आजचा पत्ता ‘शोकिन चौक, १’ असा आहे. वास्तुकाराच्या नव्हे, मंत्र्याच्या नावाचा चौक ही माझ्या मते या इमारतीवरची सर्वांत प्रामाणिक पाटी आहे.

पण खात्याला हवे होते वर्ग, प्रयोगशाळा आणि वेळेवर ताबा. अंगणं, घंटा, विटांची ऊब हे खात्याच्या यादीत असण्याचं कारण नव्हतं. ते वास्तुकारांनी आणलं. आणि ग्रंथालयाच्या दालनात तर त्यांनी कमालच केली. तिथल्या भिंतींवर अर्न्स्ट नेइझ्वेस्तनीचं सुमारे ९७० चौरस मीटरचं उठावशिल्प आहे, विषय माणसाचं विचारी माणूस होत जाणं. १९७४ मध्ये ते पुरं झालं. नेइझ्वेस्तनी म्हणजे तोच शिल्पकार, ज्याची १ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोच्या मानेझ प्रदर्शनात ख्रुश्चेव्हशी सर्वांदेखत जुंपली होती. पुढे ख्रुश्चेव्हच्या कुटुंबाने त्याच्याकडूनच ख्रुश्चेव्हचं थडगं घडवून घेतलं, ही त्या देशाची तऱ्हा. अधिकृत कलाजगाने दूर ठेवलेल्या माणसाला आपलं एक प्रचंड काम संरक्षण-इलेक्ट्रॉनिक्सच्या पैशाने चाललेल्या संस्थेत करता आलं. कारण ते बाहेरच्या चौकात नव्हतं, आत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. पुस्तक मागायला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला दिसतं. १९७५ मध्ये या परिसराला सोव्हिएत राज्य पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी नेइझ्वेस्तनी देश सोडून गेला. मुभेची हद्द कुठवर होती, हे या दोन लागोपाठच्या वर्षांत कळतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं उसनं आहे. फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळच्या ओतानिएमीत, आल्वार आल्तोने तांत्रिक विद्यापीठाची लाल विटांची इमारत १९६४ मध्ये पुरी केली होती. झेलेनोग्राद तिच्यामागून आलं. साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण उसनवारीचा हिशेब एकाच बाजूने मांडता येत नाही. आल्तोचं विइपुरीचं ग्रंथालय, छतातल्या गोल झरोक्यांमुळे प्रसिद्ध झालेलं, युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत आलं आणि तिथल्याच लोकांनी ते वापरात आणलं. आणि आधुनिक वास्तुकलेची सोव्हिएत परंपरा तर त्याहून जुनी. मॉस्कोतल्या रुसाकोव्ह क्लबमध्ये कॉन्स्टन्टिन मेल्निकोव्हने १९२७ ते १९२९ मध्ये प्रेक्षागृहाचे उतरते भाग सरळ भिंतीबाहेर काढून रस्त्यावर लटकवले. मिन्स्कमध्ये १९८३ साली पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विभागाची इमारत झाली, तिच्यातही व्याख्यानगृहांची तिरपी पोटं दर्शनी भिंतीतून बाहेर आलेली आहेत. विद्यार्थी आत पायरी-पायरीने कसे बसले असतील, हे रस्त्यावरूनच उमगतं. हा धडा शिकायला फिनलंडला जायची गरज नव्हती. तो घरातच होता, फक्त स्टालिनच्या काळात कुलूपबंद होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मिन्स्कचं पॉलिटेक्निक काही क्षेपणास्त्रांचं खातं नव्हतं, मग तिथे मुभा कशी? आणि नोवोसिबिर्स्कजवळच्या अकादेमगोरोदोकमध्ये, जिथे १९५७ पासून मिखाईल लाव्रेन्त्येव्हच्या पुढाकाराने विज्ञाननगरी उभी राहिली आणि १९५९ मध्ये विद्यापीठ आलं, तिथे वजन असूनही इमारती बहुतांशी साध्याच का? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांच्यामुळे माझं सूत्र थोडं ढिलं करावं लागतं. अकादेमगोरोदोक ख्रुश्चेव्हच्या काटकसरीच्या ऐन भरात बांधलं गेलं. तिथल्या नियोजित उंच हॉटेलचे मजलेही त्याने कमी करायला लावले. वजन वापरलं गेलं ते जंगल राखण्यासाठी आणि प्रयोगशाळांसाठी, दर्शनी भिंतींसाठी नाही. उलट सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुभा देणारे हात वाढले. प्रजासत्ताकांच्या राजधान्यांना स्वतःची शान दाखवायची होती, आणि मिन्स्कला तर वास्तुकलेचा विभागच गिऱ्हाईक होता. तेव्हा संरक्षण खातंच लागतं असं नाही, पण कोणी तरी पाठीराखा लागतोच, एवढं तरी उरतं.

कीवमधलं उदाहरण यात मोलाचं. १९७१ मध्ये पुरी झालेली वैज्ञानिक-तांत्रिक माहिती संस्थेची इमारत तिच्या उडत्या तबकडीसारख्या सभागृहामुळे ओळखली जाते. वास्तुकार फ्लोरियान युरियेव्ह चित्रकार आणि संगीताचा माणूस. रंग आणि सूर एकत्र ऐकवणाऱ्या प्रकाश-संगीत रंगमंदिराची कल्पना त्याने माहिती संस्थेच्या सभागृहात बसवली. संस्थेला सभागृह हवं होतं, त्याला रंगमंदिर. झेलेनोग्रादमध्ये जे ग्रंथालयाने केलं, तेच इथे तबकडीने.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो कडवट आहे. रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केल्यापासून ‘सोव्हिएत’ या शब्दाला लागलेली प्रत्येक गोष्ट संशयास्पद झाली. ज्या राजवटीने हे बांधलं, तिच्या वास्तुकलेचं कौतुक करायचं कशाला? झेलेनोग्रादबाबत तर हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण तिथली हुशारी मुळात शस्त्रांसाठीच गोळा केली होती. ते मी वर लपवलेलं नाही. उलट तोच माझा पुरावा आहे. पण कीवच्या तबकडीला शेजारच्या मॉलचा भाग करायचा घाट घातला गेला, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले ते युक्रेनचेच तरुण वास्तुकार आणि कार्यकर्ते, आणि वयाची नव्वदी गाठलेला युरियेव्ह स्वतः. खार्किवची देर्झप्रोम ही १९२८ सालची महाकाय इमारत ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियन हल्ल्यात जखमी झाली, तेव्हा हळहळ खार्किवने केली. बांधणारी राजवट गेली. इमारत ज्यांच्या रोजच्या वापरात राहिली, त्यांचा हक्क तिच्यावर जास्त.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी एक खरा धागा आहे. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर सुरू झाली. १० मार्च १९५९ रोजी नेहरूंनी तिची पायाभरणी केली. तिकडून यंत्रं आली, तज्ज्ञ आले. पण सोव्हिएत वास्तुशैली काही पवईत उतरली नाही. त्या वर्षी मॉस्कोकडे द्यायला नमुना आराखड्याशिवाय फार काही नव्हतंच. तरी पवईतला विभागांना जोडणारा लांबच लांब झाकलेला मार्ग आणि झेलेनोग्रादचे झाकलेले मार्ग एकाच गरजेतून आलेत: तिकडे बर्फ, इकडे मुंबईचा पाऊस.

आता या सोव्हिएत इमारतींची चित्रमय पुस्तकं निघतात. फ्रेंच छायाचित्रकार फ्रेदरिक शोबँ याचं २०११ सालचं पुस्तक नव्वद इमारतींचं आहे आणि त्याने ही आवड जगभर पसरवली. अशा पुस्तकांचा दोष असा की त्यांत सगळे अपवादच भेटतात. तबकड्या, तिरप्या भिंती, काँक्रीटचे पंख. बघणाऱ्याला वाटतं सगळा देशच स्वप्नाळू वास्तुकारांच्या हाती होता. प्रत्यक्षात बहुसंख्य सोव्हिएत विद्यार्थी अंधाऱ्या बोळाच्या ठोकळ्यांत शिकले. जपणुकीच्या वादातही अपवादांचंच नशीब बघायला मिळतं. मॉस्कोतलं सामाजिक शास्त्रांचं वैज्ञानिक माहिती केंद्र, याकोव्ह बेलोपोल्स्कीची १९७४ ची इमारत, वाचनदालनांवर आल्तोची आठवण देणारे गोल झरोके असलेली, जानेवारी २०१५ च्या अखेरीस जळाली. दुरुस्तीऐवजी ती पाडून तशाच रूपाची नवी बांधली गेली, आणि त्यावर निदान वाद तरी झाला. नमुन्यातला ठोकळा पाडला, किंवा त्याला बाहेरून चकचकीत पत्रे ठोकले, तर बातमीही होत नाही. त्या ठोकळ्यांचाही इतिहास लिहिला जायला हवा. त्यासाठी वास्तुकारांच्या मुलाखती पुरणार नाहीत. पॅनेल ओतणाऱ्या कारखान्यांची दफ्तरं उघडावी लागतील, आणि कोणत्या संस्थेने नमुन्याबाहेरची परवानगी मागितली, कोणाला ती नाकारली गेली, याचे नियोजन मंडळातले कागदही.